खाऱ्या गवताच्या बाई

"बाय किडे पिता," असं आमच्या गावात त्यांच्याबद्दल बोललं जायचं, आणि बोलणाऱ्यांचं अगदीच काही चुकत नव्हतं. बाईंच्या पिशवीत काचेची एक छोटी बाटली असायची. तिच्या बुचातून दोन रबरी नळ्या निघालेल्या. एका नळीचं टोक गवताच्या काडीजवळ न्यायचं, दुसरी तोंडात धरून झटकन श्वास ओढायचा, की काडीवरचा किडा सुळकन बाटलीत. तोंडाच्या नळीला मलमलीचा तुकडा लावलेला असे, त्यामुळे किडा पोटात जायचा प्रश्न नव्हता. पण लांबून बघणाऱ्याला हे कसं कळणार? पातळ गुडघ्यांपर्यंत खोचून, पन्नाशीला टेकलेली हायस्कूलची विज्ञानाची बाई भर दुपारी खाडीच्या चिखलात उभी राहून नळीने गवत पितेय, एवढंच त्याला दिसायचं.

छत्री बारा महिने त्यांच्या हातात असे, पण बहुतेक वेळा उलटी. झुडपाखाली उघडी छत्री उलटी धरायची आणि वरून काठीने झुडूप झोडायचं. पडेल ते छत्रीत. एकदा अशाच जमवाजमवीत पाऊस आला. बाईंनी किड्यांसकट छत्री अलगद मिटली, छातीशी धरली आणि चिंब भिजत शाळेत आल्या. हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, छत्री होती ना?" बाई म्हणाल्या, "होती. पण आत माणसं होती."

किड्यांना त्या माणसं म्हणायच्या आणि माणसांविषयी फारसं बोलायच्या नाहीत.

ऐंशी साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. मी बाविसाव्या वर्षी आमच्याच गावच्या हायस्कूलमध्ये चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागले. मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. माझं घर खाडीला लागूनच्या वाडीत, आईबाबांबरोबर. बाई मूळच्या फोंडाघाटच्या, लग्न केलेलं नाही, शाळेमागच्या एका घरात खोली घेऊन राहायच्या. शाळेत शुद्ध मराठी बोलायच्या. रागावल्या किंवा हळव्या झाल्या की मालवणीवर यायच्या.

मी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि म्हणाल्या, "दिसतं ते काढ. वाटतं ते काढू नकोस."

खाली होता तो एक तुडतुडा. तांदळाच्या दाण्याहून लहान, वाळक्या गवताच्या रंगाचा, पाठीवरून एक फिकट रेघ गेलेली. मी पाऊण तास काढला. बाईंनी कागद पाहिला. "मागच्या पायाला काटा आहे, हलणारा. तो कुठाय?" मी पुन्हा पाहिलं. होता. पोटरीच्या टोकाला, पैंजणाचा खिळा निसटून लोंबावा तसा. "तेच तर याच्या घराण्याचं कुळचिन्ह," बाई म्हणाल्या, "आणि तेच तू गाळलंस." त्यानंतर अडीच वर्षांत मी त्या तुडतुड्याची ऐंशीच्या वर चित्रं काढली. डोकं, पाय, पंखांच्या शिरा. माझ्या हाताला आज जे काही वळण आहे ते त्या तुडतुड्याने दिलेलं आहे.

तुडतुडे म्हटलं की आमच्याकडे लोकांना भात आठवतं. भाताचा रस शोषून शेतं करपवणारे तपकिरी तुडतुडे सगळ्यांच्या ओळखीचे. बाईंचा तुडतुडा त्यांचाच लांबचा भाऊबंद, पण भात त्याने तोंडाला लावलं नाही. तो राहायचा खाडीकाठच्या खाऱ्या गवतावर. आमच्या वाडीच्या शेतांपुढे चिखलाचा एक पट्टा होता. भरतीला त्यात पाणी यायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा, आणि त्या चिखलात घोट्याएवढं, कडक पात्यांचं गवत होतं. पात्यांवर पहाटे मिठाचे कण दिसायचे. गुरं ते फारशी खात नसत. त्या गवताच्या बुडाशी, भरती आली की शेंड्याशी, हा तुडतुडा. एवढंच त्याचं जग. पलीकडच्या तिवरांत तो नव्हता, शेताच्या बांधावरच्या गवतात नव्हता. बाईंनी सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन तोंडवलीपासून जामसंड्यापर्यंतच्या खाड्या धुंडाळल्या होत्या. तिथे तेच गवत होतं, हा नव्हता.

त्या एकदा बांधावर बसून पायाचा चिखल खरवडताना मला म्हणाल्या, "इतर तुडतुड्यांत दोन तऱ्हा असतात. गवत हिरवं असेल तर आखूड पंखांची पिल्लं. गवत सुकायला लागलं, गर्दी झाली, की पुढची पिढी लांब पंखांची. ती उडून जाते. आपल्या कोकणासारखंच. पिकलं नाही की मुंबई. पण या खुळ्यात मला लांब पंखांचा एकही मिळाला नाही. याला जाताच येत नाही कुठे." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांना एकदा कुठेतरी वाचायला मिळालं की हे तुडतुडे आवाज करतात, पण हवेतून नाही. काडी थरथरवतात, आणि त्याच काडीवरच्या दुसऱ्याला ते पायांतून कळतं. झालं. शाळेत एक जुना ग्रामोफोन होता. बाईंनी त्याची सुई बसवायची डबी काढली, रेडिओला तारांनी जोडली आणि सुई गवताच्या काडीला टेकवून ठेवली. आठ दिवस नुसती खरखर. नवव्या दिवशी दुपारी मला वर्गातून ओढत नेलं. "ऐक गो, ऐक!" रेडिओतून आवाज येत होता. टर्र, टर्र, टर्र, मग थांबून एक लांब घरघर, जशी दूरवर कोणी होडी चिखलावरून ओढावी. थोड्या वेळाने त्याला बारीक, वेगळं उत्तर आलं. "पयलो नर. ही मादी," बाई कुजबुजल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना इतकं सुखी नंतर कधीच पाहिलं नाही.

चार दिवसांनी सव्वीस जानेवारी होती. झेंडा वर गेला, मुलं ताठ उभी राहिली, हेडमास्तरांनी ग्रामोफोनची तबकडी सुरू केली आणि मैदानावर शांतता पसरली. सुई गवतावर होती. त्यावरून बाईंना मेमो मिळाला. त्यांनी तो प्रयोगवहीत चिकटवला.

आवाज ऐकून झाला की नराला त्या पुन्हा खाडीवर नेऊन सोडायच्या. "गाणाऱ्याला मारू नये," म्हणायच्या. स्पिरिटच्या बाटलीत गेल्या त्या माद्याच. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यामुळे बिनसलं.

त्या वर्षी बाईंनी परदेशातल्या एका संग्रहालयातल्या तुडतुड्यांच्या जाणकाराला नऊ माद्या आणि माझी वीस चित्रं पार्सलने पाठवली. उत्तराची वाट बघत वर्ष जायला आलं, आणि मधल्या काळात खाडीच्या बाजूने नवा बांध घालायचं सरकारी काम मंजूर झालं.

बांध हवाच होता, हे मला आधी कबूल केलं पाहिजे. उधाणाला खारं पाणी शेतात शिरायचं आणि उभं भात पिवळं पडायचं. त्यात माझ्या बाबांचाही कुणगा होता, म्हणजे भाताचा वाफा, खाडीला सगळ्यात जवळचा. बांध घालून पाणी अडवलं की शेतं वाचणार होती. फक्त बांधाची रेघ गवताच्या पट्ट्याच्या बाहेरून जात होती. पट्टा आत आला की त्यात भरती येणार नाही, आणि भरती नाही तर ते गवत नाही.

देवळासमोर सभा झाली. बांधाच्या कामाचे सरकारी साहेब आले होते. बाई उठून उभ्या राहिल्या. आमच्या गावात तोवर सभेत कोणी बाई बोलली नव्हती.

"बांध पन्नास पावलं अलीकडे घेता येईल का?" त्यांनी विचारलं. "एवढा पट्टा बाहेर राहू द्या. तिथे एक कीटक आहे. बहुधा जगात फक्त इथेच आहे."

साहेब सभ्य होते. त्यांनी पेन काढलं. "नाव सांगा बाई, मी नोंद घेतो."

"नाव अजून ठेवलेलं नाही."

"मग लिहू काय?"

मागून कोणीतरी ओरडलं, "आदी बारसां घाला, मगे बांधाचां बघूया!" सभा खदखदून हसली. वाडीतला एक म्हातारा उठला. तो हसत नव्हता. "बाये, माज्या भातात खारा पाणी शिरता, तां तुका दिसणा नाय?"

"दिसता," बाई म्हणाल्या. "बांध नको असा मी खंय म्हणतंय? जरा अलीकडे घेवा, इतक्यांच."

तेव्हा माझे बाबा बोलले, शांतपणे. "पन्नास पावलां अलीकडे म्हणजे बांध माज्या कुणग्यातच येतलो. सगळो कुणगो गेलो."

बाईंनी बायकांच्या घोळक्यात मला शोधलं. त्या किड्याला माझ्याइतकं पाहिलेलं गावात दुसरं कोणी नव्हतं. मी चित्रं दाखवू शकले असते. निदान उभी राहू शकले असते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघितलं. घरी जाताना बाबा म्हणाले, "काय बोललंस नाय, तां बरां केलंस." बाईंनी त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सूक्ष्मदर्शक पुसून माझ्यापुढे ठेवला.

पुढच्या थंडीत बांध पुरा झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी परदेशातून पत्र आलं. बाईंनी ते स्टाफरूममध्ये उभ्यानेच वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की चित्रं उत्तम आहेत. हा तुडतुडा त्यांनी कधी पाहिलेला नाही. ही नुसती नवी जात नाही; जातीच्या वरची पायरी, प्रजाती, तीच बहुधा नवी आहे. मात्र नाव देण्यासाठी नर लागतो. या कुळात ओळख पटते ती नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या अवयवांवरून. माद्यांवरून काहीच ठरवता येत नाही. कृपया नर पाठवावा, एक असला तरी चालेल.

"किती सोडले गो मी?" बाईंनी मला विचारलं. "तीस? चाळीस?"

मी पत्राची घडी घालून त्यांना परत दिली.

तास सोडून त्या तशाच खाडीवर गेल्या, मागून मी. पट्ट्यातला चिखल वाळून भेगाळला होता. गवत पिवळं पडलं होतं. बाई गुडघ्यांवर बसून काडी अन् काडी बघत होत्या. तीन दिवसांत त्यांना एकही मोठा तुडतुडा मिळाला नाही. बांधातून पाणी झिरपत होतं अशा एका कोपऱ्यात, हिरव्या राहिलेल्या हातभर गवतावर, सहा पिल्लं मिळाली. पिठाच्या कणीएवढी.

ते गवत मुळांसकट उपटून बाईंनी खोलीत एका कुंडीत लावलं. वरून मलमलीची पिशवी चढवली. रोज सकाळी कळशी घेऊन खाडीचं खारं पाणी आणायच्या. शेजारणी नळावरून बघत राहायच्या. कुंडी एका तिपाईवर, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून तिपाईचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. पिल्लं कात टाकत वाढली. मार्च लागता लागता मोठी झाली. पाच माद्या आणि एक नर.

बाईंनी स्पिरिटची बाटली काढली, बूच उघडलं, आणि पुन्हा लावलं. "आठ दिवस थांबूया," त्या म्हणाल्या. "त्यांचं जमू दे. माद्यांनी काडीत अंडी घातली की पुढची पिढी मिळेल. मग याला घेते. आता त्याला वाचवता येत नाही, कळतं मला. पण निदान नाव तरी लागू दे. ज्याचं बारसं झालं नाही त्याचं बारावं कसं घालायचं?"

दहावीच्या परीक्षेसाठी त्यांना चार दिवस कणकवलीच्या केंद्रावर जायचं होतं. खोलीची चावी त्यांनी मला दिली. "काम फक्त दोन. कुंडीत खारं पाणी आणि वाट्यांत पाणी. सकाळ-संध्याकाळ. उन्हाळा आहे, वाट्या लगेच आटतात."

पहिल्या दिवशी मी दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीही गेले. दुपारी मुंबईहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा. येणार होते एका दिवसासाठी, राहिले दोन दिवस. घरात पोहे, सोलकढी, मासे, नारळ, धावपळ. मला जायचं आठवत नव्हतं असं नाही. आठवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हटलं, "जरा शाळेकडे जाऊन येतंय." आई म्हणाली, "पावण्यांसमोरसून किड्यांक पाणी घालूक जातलंस?" मी थांबले. एका दिवसाने काय होतंय, असं मनाशी म्हटलं. मुलगा मला आवडला होता, हेही खरं.

चौथ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले आणि मी कळशी घेऊन धावत सुटले. दार उघडलं. तिन्ही वाट्या कोरड्या होत्या. तळाला पांढरा थर. तिपाईच्या एका पायावरून लाल मुंग्यांची रेघ वर गेली होती, मलमलीच्या शिवणीतून आत. आत गवत होतं, काड्या होत्या. काडीवर काही नव्हतं.

मी मुंग्या झटकल्या. तिपाई पुसली. कुंडीत पाणी घातलं. आणि मग वाट्या काठोकाठ भरून ठेवल्या.

बाई दुपारच्या गाडीने आल्या. माझा चेहरा बघून पिशवी दारातच टाकली. मलमल सोडली, बराच वेळ आत बघितलं. "मुयो," एवढंच म्हणाल्या. मग खाली वाकून वाट्या पाहिल्या. भरलेल्या. "पाणी तर आसा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे संशयाने बघितलंही नाही. भिंग घेऊन त्या तिपाईभोवती फिरू लागल्या, मुंग्या चढल्या कुठून ते शोधत. शेवटी सापडलं त्यांना. शिवणीतून गवताची एक पात बाहेर आली होती, आणि तिचं टोक भिंतीला जेमतेम टेकत होतं.

"ही," त्या म्हणाल्या. "ह्या पातीवरसून इल्यो."

मी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी जमीन भिंगाने तपासली. एक पंख मिळाला. पंखावरून नर ठरत नाही, त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तो काचेवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "काढून ठेव." मी काढला. शीर अन् शीर. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे.

माद्यांनी अंडी घातली असतील या आशेवर बाई दीड महिना खाडीचं पाणी आणत होत्या. काडीतून काहीच निघालं नाही. त्या परदेशी गृहस्थांना त्यांनी काय कळवलं, मी विचारलं नाही. त्या नऊ माद्या तिथल्या कुठल्याशा खणात असतील, नावाच्या जागी कोरी चिठ्ठी लावून.

त्या पावसाळ्यात बाबांच्या कुणग्यात भात आलं. चांगलं आलं. मार्गशीर्षात माझं लग्न झालं तेव्हा पंगतीला तेच तांदूळ होते. बाई आल्या होत्या. त्यांनी भात दोनदा मागून घेतला आणि आईला म्हणाल्या, "तांदूळ बरो आसा हां." त्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणे मारता यायचे नाहीत.

मी मुंबईला गेले. गावाहून कळायचं, बाई दर रविवारी एसटीने कुठल्या ना कुठल्या खाडीवर असतात. चार-पाच वर्षं हे चाललं. मग दृष्टी अधू झाली. आधी सूक्ष्मदर्शक सुटला, मग फळा दिसेना. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्या फोंडाघाटला भावाकडे गेल्या.

ऐंशीचं दशक सरत असताना मी तिथे गेले, सांगायचं ठरवून. मुंबईहून निघाल्यापासून वाक्य जुळवत होते. बाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. आवाजावरून ओळखलं. माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली, "चित्रं काढतंस मा?" विचारलं. वहिनी चहा ठेवून गेली. मी म्हटलं, "बाई, एक सांगायचं होतं."

त्यांना वाटलं मी त्यांचं सांत्वन करणार. मला थांबवून त्या म्हणाल्या, "ती पात मी बघितलेली गो. जाताना. भिंतीकडे वाकलेली. म्हटलां, येऊन कापतंय. गाडी चुकात म्हणान तशीच गेलंय. तू बिचारी चार दिवस वाट्ये भरत रवलंस, आणि माझ्याच हातान गेलो तो."

मी चहा पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे बाई. किती वर्षं झाली त्याला."

साडेचारच्या गाडीला त्या मला सोडायला आल्या, भावाच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. मी मागच्या खिडकीत बसले. गाडी सुरू झाली तेव्हा बाई पुढच्या खिडकीकडे तोंड करून हात हलवत होत्या. तिथे कोणी परका माणूस बसला होता. "बाई, इथे," म्हणायला वेळ होता. गाडी वळेपर्यंत त्या त्याला हात करत राहिल्या, आणि मी हाक मारली नाही.